पेटीच्या झाकणातली पट्टी

हशा पिकला तेव्हा पेटी त्याच्या दोन्ही हातांत होती. हात मोकळे असते तर त्याने निदान चष्मा काढून पुसला असता, रुमालाच्या निमित्ताने खिसे चाचपले असते. पण पेटी चांगली जड, समोर चाळीसेक माणसं, आणि सगळी त्याच्याकडेच बघतायत, म्हणून तोही हसला. सासरे खुर्चीचा हात धरून उभे होते. ऐंशी पूर्ण झाली तरी आवाज तोच, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "ह्या माणसाइतका कमी बोलणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही," ते म्हणाले होते, "आणि म्हणूनच मी ह्याला मुलगी दिली." मग जरा थांबून, कारण कुठे थांबायचं हे त्यांना बरोबर कळे, "आणि म्हणूनच आज घराण्याचं पिस्तूल!" टाळ्या. जुने प्राध्यापक, कॉलेजातले माजी कारकून, शेजारचा डॉक्टर, सगळे खूश. कुणीतरी पाठीवर थाप मारून म्हणालं, "नशीब काढलंत राव!" तो गाल दुखेपर्यंत हसत राहिला. म्हणूनच. म्हणूनच मुलगी दिली. एकोणीस वर्षं त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती, की एवढ्या मोठ्या प्राचार्यांनी आपल्यासारख्या नावं कोरणाऱ्याला मुलगी दिली ती आपला हात बघून, आपला स्वभाव बघून. आणि आज केकच्या बशा हातात धरलेल्या चाळीस माणसांसमोर म्हाताऱ्याने खरं ते सांगून टाकलं. बाकीच्यांना विनोद, त्याला निरोप.

सगळे त्यांना सर म्हणत. तोही सरच म्हणे; बाबा म्हणायला त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्याची जीभही वळली नाही. सर त्याला कारागीर म्हणत. "या कारागीर, बसा." "पंखा कुरकुरतोय, कारागीर, बघता का जरा?" एकोणीस वर्षं हेच, आणि आज एकाएकी जावईबापू. बंगला विकायचा ठरला होता, म्हातारा-म्हातारी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायची होती, म्हणून घरातल्या प्रत्येक वस्तूवर सरांनी कागदाच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या: हे कपाट अमक्याला, ते घड्याळ तमक्याला. त्याच्या सदऱ्यावर तेवढी चिठ्ठी लावायची राहिली होती. पिस्तूल म्हणजे तरी काय, पिस्तुलाचं मढं. लांब नळी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, मुठीवर चार पिढ्यांच्या तळहातांचा काळा तुकतुकीतपणा. पण नळीत शिसं ओतून ती कधीच कायमची बुजवलेली, चाप ओढला तर नुसतं खट्. "घाबरू नका," सर पाहुण्यांना ते दाखवताना दरवेळी म्हणत, "ह्याला फक्त आवाज आहे!" आणि पाहुणे दरवेळी हसत. आज त्यांनी पेटीचं झाकण स्वतःच उघडून धरलं. आत हिरव्या बनातीचं मऊ कापड, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पितळेची पट्टी. पट्टीवर एकाखाली एक चार नावं, चौथं सरांचं. त्याच्याखाली कोरी जागा. सर त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "खालची जागा मोकळी आहे. तिथे तुमचं नाव कोरा, तुमच्याच हाताने. पुढच्या रविवारी आणून दाखवा." त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास होता. त्याचा अंगठा, कुणी न सांगता, सवयीने त्या कोऱ्या जागेवर गेला. तिथे खळगा होता. डोळ्यांना दिसणार नाही असा, कागदाच्या जाडीएवढा, पण अंगठ्याला लगेच कळावा असा. तो कळणारच होता. तो खळगा त्यानेच पाडला होता.

तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि दुकान त्याचं नव्हतं. मालक म्हातारा, तोंडात सदा सुपारी, बोलणं मोजकं. मालकाचे नियम दोनच होते. एक, कोरणाऱ्याने आपलं नाव कुठेही घालायचं नाही; ढाल असो, लॉकेट असो, दारावरची पाटी असो, आपण कोण हे जगाला सांगायचं कारण नाही. दुसरा, जे खोडलं ते बोलायचं नाही. खोडकाम कोरकामापेक्षा जास्त यायचं, हे त्याला त्या दुकानात बसून कळलं. मोडलेल्या लग्नांच्या अंगठ्या. भागीदार पळून गेलेल्या दुकानांच्या पाट्या. माणसं दबकत यायची, काउंटरवर वस्तू ठेवायची आणि दुसरीकडे बघत म्हणायची, तेवढं खालचं नाव काढून टाका. मालक मान हलवायचा. खोडायच्या आधी तो पट्टीवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासायचा. सगळा कागद करडा व्हायचा आणि कोरलेली अक्षरं मधे पांढरी उठायची. अक्षर किती रुंद, किती खोल, कुठून खरवडायला घ्यायचं, ते त्यावरून ठरवायचं. काम झालं की तो कागद वहीत चिकटवायचा. कशाला, असं त्याने एकदा विचारलं होतं. "आपण काय केलं ते आपल्याला तरी माहीत पाहिजे," म्हातारा म्हणाला आणि सुपारी चघळत राहिला. एका सकाळी सर आले. तेव्हा बावन्न वर्षांचे, ताठ, बगलेत पेटी. कॉलेजच्या ढाली दरवर्षी ह्याच दुकानात कोरल्या जायच्या, त्यामुळे ओळख होती. म्हणाले, "पाचवं नाव चुकलंय. काढा." मालकाचा हात त्या आठवड्यात सुजला होता, म्हणून काम पोराकडे आलं. पोराने पट्टी हलू नये म्हणून तापवलेल्या राळेवर बसवली आणि खरवडायला घेतलं. नाव चुकलेलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी मालकानेच कोरलेलं, ठसठशीत, कुठे काडीचा दोष नाही. पण विचारायचं नाही म्हणजे नाही. नवखा हात, जोर जास्त लागला, आणि खळगा पडला. सरांनी पट्टी उजेडात धरून तिरपी करून पाहिली. खळगा त्यांना दिसला की नाही कुणास ठाऊक. त्याच्याकडे बघून म्हणाले, "काही विचारलं नाहीस. छान." आणि तेव्हापासून ढाली द्यायला-न्यायला शिपाई येईना, सर स्वतः येऊ लागले. नऊ वर्षं. नऊ वर्षांनी मुलगी. अरे, परीक्षाच घेत होता की हा माणूस! नऊ वर्षं रोज पेपर, आणि मठ्ठ विद्यार्थ्याला पत्ताच नाही की आपण परीक्षेला बसलोय.

टॅक्सीत बायको त्याच्या शेजारी बसली होती आणि पेटी दोघांच्या मधे, तिसऱ्या माणसासारखी. "बरं झालं ना," ती म्हणाली, "बाबांनी एवढ्या लोकांत तुमचा मान केला." तो बाहेर बघत होता. सिग्नलला एक बाई छत्री मिटत होती आणि ती मिटत नव्हती. "तुम्ही काही बोलत नाही." "काय बोलू?" "नाही, नेहमीसारखं. बाबा म्हणाले तेच खरं." आणि ती हसली, त्या हसण्यात काही विष नव्हतं, म्हणूनच त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग तिने पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. "मी आईच्या टेबलावरून आपली किल्ली उचलली ना?" "उचललीस. मी बघितलं." "नक्की?" "उजव्या हाताने उचललीस आणि आतल्या कप्प्यात टाकलीस." तिने आतल्या कप्प्यात हात घातला, किल्ली सापडली, तिचे खांदे खाली आले. हे रोजचं होतं. गॅस बंद केला ना मी? दार ओढून घेतलं ना? मी आत्ता शेजारणीला असंच म्हणाले ना, का फक्त मनात म्हणाले? तिच्याकडे एक छोटी वही होती, तीत ती लिहायची: गॅस बंद, नऊ दहा. इस्त्री बंद, नऊ बारा. वहीवरही विश्वास बसला नाही तर त्याला विचारायची. तो तिचा साक्षीदार. हो, लावलंस. हो, म्हणालीस. शेजारणी म्हणत, नवरा असावा तर असा, कधी चिडत नाही. आणि तो, तो मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचा! कधीकधी तर हो म्हणताना त्याला आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं वाटायचं. कुंपणाने शेत खायचं आणि वर राखणीचं कौतुक करून घ्यायचं, असा तो सगळा प्रकार.

कारण त्याला माहीत होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना, ती म्हणाली होती, "एक विचारू? हसाल तुम्ही." आणि एक चादर हातात धरून, घडी न घालता, तिने सगळं सांगितलं होतं. तिला एक मोठा भाऊ होता, हे त्याला ठाऊक होतं. कुठेतरी दूर गेलाय, घरात त्याचा विषय काढायचा नाही, एवढंच. ती म्हणाली, मी बारा वर्षांची होते. जेवायला पाहुणे होते आणि आई मधेच काहीतरी बोलली, बाबांची एक तारीख चुकली होती ती तिने दुरुस्त केली. पाहुणे गेल्यावर बाबांनी हात उगारला. पहिल्यांदा नव्हे. पण त्या दिवशी दादा आत गेला, पिस्तूल घेऊन आला आणि बाबांवर रोखून म्हणाला, पुन्हा हिला हात लावलात तर बघा. आणि बाबा टेबलाखाली गेले. खरंच सांगते, टेबलाखाली, चारी पाय टेकून. ते उडत नाही हे सगळ्या गावाला तेच सांगायचे आणि तेच टेबलाखाली! मला हसू आलं. मी मोठ्याने हसले. दुसऱ्या दिवशी दादा घरात नव्हता. मी आईला विचारलं तर आई म्हणाली, कसलं पिस्तूल? तू तर लवकर झोपली होतीस, तुला ताप होता, स्वप्न पडलं असेल. बाबाही तेच म्हणाले. मी म्हटलं, पण पेटीत पट्टीवर दादाचं नाव होतं, त्याच्या एकविसाव्या वाढदिवसाला घातलेलं, पाचवं. बाबांनी पेटी आणून माझ्यासमोर उघडली. चार नावं. म्हणाले, दाखव कुठे आहे. मी बघत राहिले. नव्हतंच. "मग मला वाटायला लागलं," ती चादरीची कड बोटांत पिळत म्हणाली, "की माझ्याच डोक्यात काहीतरी बिघाड आहे. जे झालंच नाही ते मला दिसतं. आईने मला दोनदा डॉक्टरकडे नेलं होतं त्यासाठी. तुम्हाला काय वाटतं? असं होतं का कुणाचं?" त्या वेळी, त्या गच्चीवर, त्याला ते नाव आठवलं होतं. अक्षर न् अक्षर. खरवडताना उडालेला पितळेचा कीस आठवला होता. तोंडापर्यंत आलं होतं. पण सर होते, नवं लग्न होतं, सरांच्या शब्दावर मिळालेल्या बँकेच्या कर्जाने दुकान नुकतंच त्याच्या नावावर झालं होतं, मालकाचा नियम होता. आणि तो म्हणाला होता, "लहानपणी होतं असं." चार शब्दसुद्धा नव्हेत, तीनच. तिने मान हलवली आणि चादरीची घडी घातली. त्यानंतर तो विषय तिने कधीच काढला नाही. वही मात्र त्याच महिन्यात सुरू झाली.

आठ वर्षांपूर्वी दादा गेल्याचा फोन आला, कुठल्याशा लांबच्या शहरातून, तो राहायचा त्या घराच्या मालकाचा. छातीचा आजार, सरकारी दवाखाना. तिने बाबांना फोन करून विचारलं, मी जाऊ का? सर म्हणाले, कुठे जाणार, कुणासाठी? ती नाही गेली. त्या संध्याकाळी तिने वहीत गॅसची नोंद पाच वेळा केली होती. त्याने ती पाहिली होती, आणि मूग गिळून बसला होता, आणि झोपताना म्हणाला होता, गॅस बंद आहे गं, झोप तू.

रविवारची दुपार गेली, सोमवार आला, आणि राग काही उतरेना. राग सरांवर आहे असं तो स्वतःला बजावत होता. म्हाताऱ्याने एका गोळीत दोन पक्षी मारले होते, आणि तेही न उडणाऱ्या पिस्तुलाने! वर नाव कोरलं की खळगा बुजला. पुन्हा कुणाचा अंगठा तिथे लागणार नाही. पाचवा म्हणून जावई, झालं, घराणं पुढे चालू. मेलेल्या पोराला दुसऱ्यांदा खोडायचं आणि तेही त्याच माणसाच्या हातून, आणि त्याला वर मान म्हणायचं. तो नळावर चिडला, कारण नळ गळत होता. चहाच्या कपावर चिडला. दुकानात एक गृहस्थ क्रिकेटचा चषक घेऊन आले, त्यावर तृतीय होतं, त्यांना त्याचं प्रथम करून हवं होतं, मुलाच्या खोलीत शोभेला ठेवायचंय, कोण बघतंय एवढं. "मुलगा बघेल ना!" तो ओरडला. गृहस्थ दचकले. "अहो, पण त्यालाच हवंय." "इथे खोडकाम बंद झालं! कायमचं! तिसरा आला तर तिसराच राहू दे त्याला, मरत नाही तो!" गृहस्थांनी चषक छातीशी धरला आणि ते वळून वळून बघत गेले. तो काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. अठ्ठावीस वर्षांत त्या दुकानात कुणी आवाज चढवला नव्हता. आणि ओरडल्यावर जे बरं वाटायला हवं होतं ते वाटलं नाही, कारण ओरडणं चुकीच्या माणसावर झालं होतं, हे त्यालाही कळत होतं. सरांनी खोटं सांगितलं. सासूबाईंनी मार खाऊन, तोंड दाबून, खोटं सांगितलं. तिचं एक वेळ समजता येईल. पण त्या दोघांचं खोटं ज्याच्या जिवावर उभं राहिलं, ती कोरी पट्टी, ती कुणी करून दिली? बरं, ते वीस वर्षांचं अजाण पोर होतं, त्याला माफ. मग गच्चीवरचा एकोणतीस वर्षांचा घोडा? तो कोण होता? त्या मुलीने सगळं जग सोडून एका माणसाला विचारलं, मी वेडी आहे का, आणि जगात ज्या एकाच माणसाच्या हातात पुरावा होता, नेमका तोच हा शहाणा, आणि हा म्हणतो, लहानपणी होतं असं. सरांवर चिडायला सोपं होतं. सर लांब होते, म्हातारे होते, आणि वाईट होते. स्वतःवर चिडायचं तर आरशासमोर दाढी करायची पंचाईत.

मंगळवारी त्याने वरच्या फळीवरच्या वह्या खाली काढल्या. मालक जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण त्याच्या वह्या टाकायचा धीर झाला नव्हता. धुळीने शिंका आल्या. पानापानावर करडे चौकोन आणि त्यांत पांढरी नावं: बायका, पुरुष, भागीदार, संस्था, कुणाकुणाच्या आयुष्यातून काढून टाकलेली माणसं, सगळी इथे नीट चिकटवलेली. दुपारी तीनच्या सुमाराला त्याला ते पान सापडलं. बाजूला मालकाचं तिरपं अक्षर: पेटीची पट्टी, पितळ, नाव पाचवं, खोडणे. आणि तारीख. नाव पांढरं, ठसठशीत, काल कोरल्यासारखं. ते वाचून त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर फाडावं. हे खरं आहे. पानाच्या कडेला त्याची बोटंसुद्धा लागली होती. फाडलं की संपलं. नाव कोरून टाकायचं, रविवारी जायचं, लवंगेचा वास घ्यायचा, परत यायचं, आणि हो गं, लावलंस गं दार, जन्मभर. आणि सांगितलं तर? ती राहील? का राहावं तिने? कुठल्या तोंडाने तो तिला राहा म्हणणार होता? बाप खोटा, आई खोटी, आणि एक साक्षीदार म्हणून धरून ठेवलेला नवरा, तोही त्यांच्यातलाच. उद्या गॅस बंद आहे म्हणाला तर कोण विश्वास ठेवेल त्याच्यावर? त्याने वही मिटली. मंगळवार गेला, बुधवार गेला. बुधवारी जेवताना ती म्हणाली, "तुम्ही नाव कोरलंत का हो? बाबांचा फोन होता." "नाही." "कोरा की. मला बघायचंय कसं दिसतं ते." मग पाण्याचा पेला पुढे सरकवत, सहज, ताटात बघत ती म्हणाली, "मला नेहमी वाटायचं की त्या जागी काहीतरी असावं. रिकामी बरी नाही दिसत." आणि लगेच, "मीठ घातलं ना मी भाजीत?" "घातलंस," तो म्हणाला, आणि हातातला घास त्याने परत ताटात ठेवला.

गुरुवारी तो डबा घरीच ठेवून गेला. विसरला नव्हता. साडेबाराला ती डबा घेऊन दुकानात आली, धापा टाकत, "अहो, असं कसं विसरलात, मी तरी तीनदा म्हटलं होतं ना? म्हटलं होतं ना?" त्याने तिला आतल्या स्टुलावर बसवलं. पट्टी पेटीतून सोडवून बाकावर ठेवलेली होती. तो शब्द जुळवत होता, चार दिवस जुळवत होता, आणि आता एकही जागेवर सापडेना. शेवटी त्याने तिचा उजवा हात धरला, अंगठा सरळ केला आणि चौथ्या नावाच्या खाली टेकवला. "काय आहे?" "हलव. हळू." तिने अंगठा हलवला. पुढे, मागे. तिच्या कपाळावर आठी आली. "इथे खोलगट लागतंय." "हो." "का?" त्याने वही उघडून तिच्यासमोर ठेवली.

तिने वही जवळ ओढली. मग तिने ते नाव वाचलं, आधी मनात, ओठ हलवून, आणि मग मोठ्याने. त्या दुकानात, सरांच्या घरात, अठ्ठावीस वर्षांत ते नाव कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. तिने पुन्हा एकदा उच्चारलं. "होतं," ती म्हणाली. "होतं," तो म्हणाला. "मग बाबा टेबलाखाली गेले तेही..." "गेले असणार. तुला आठवतंय ना? मग गेले." आणि ती हसली. बारा वर्षांच्या मुलीसारखी, तोंडावर हात न धरता, एकदम मोठ्याने. बाहेरून जाणारा एक माणूस थांबून आत डोकावला. "चारी पायांवर!" ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसले नाहीत. मग हसू थांबलं. तिने वहीतली तारीख पुन्हा वाचली. मान वर केली.

"हे अक्षर कुणाचं?"

"मालकाचं."

"खोडलं कुणी?"

"मी."

"तुम्हाला माहीत होतं, नाव कुणाचं ते?"

"तेव्हा नव्हतं. तू गच्चीवर सांगितलंस तेव्हा कळलं."

रस्त्यावर कुणाची तरी सायकलची घंटी वाजली. "मी सांगितलं," ती सावकाश म्हणाली, "आणि तुम्ही म्हणालात..."

"लहानपणी होतं असं." ते त्याने स्वतःच म्हटलं. तिला म्हणायला लावणं बरं नव्हतं. "मला माफ कर असं म्हणत नाही. तोंड नाही मला. तू जाणार असशील तर..."

"गप्प बस!" ती ओरडली. एकोणीस वर्षांत तिने त्याला अहो सोडून काही म्हटलं नव्हतं. "आता बोलायला लागलास होय? एकोणीस वर्षं मी तुला विचारतेय, दार लावलं का, गॅस बंद का, आणि तू साधूसारखा हो म्हणतोस! मला वाटायचं बिचारा किती सोसतो माझं. मी तुझे उपकार मानत होते रे! ते दोघे तरी घाबरट होते, बाबांना लाज होती, आईला भीती होती. तुला काय होतं? तुला काय झालं होतं?" तिने हातातला डबा बाकावर आपटला, झाकण उडालं, वरण राळेवर सांडलं. त्याने ते पुसलं नाही. त्याला काय झालं होतं, ह्याचं उत्तर त्याच्याकडे होतं आणि ते इतकं लहान होतं की सांगायला लाज वाटावी: काहीच झालं नव्हतं. गप्प बसणं सोयीचं होतं. त्याने तेच सांगितलं. "सोयीचं होतं," तो म्हणाला.

ती उभी राहिली. ती आता दाराबाहेर जाईल आणि परत येणार नाही, असं त्याला वाटलं, आणि त्याने बाकाची कड धरली. ती दारापर्यंत गेली, रस्त्याकडे पाठ करून थांबली. पर्समधून तिने ती छोटी वही काढली, तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या खरवडलेल्या किसाच्या डब्यात टाकून दिली. "कोर," ती म्हणाली.

"काय?"

"पाचव्या जागी दादाचं नाव. होतं तसंच, त्याच अक्षरात. आणि त्याच्याखाली बारीक तुझं."

"कोरणारा आपलं नाव घालत नाही. आमच्यात..."

"कोरणारा म्हणून नाही. खोडणारा म्हणून. तसंच लिही. खोडणारा, मग तुझं नाव, मग ते साल." तिचा आवाज चढलेला नव्हता आता. बापाचाच आवाज होता तो, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "रविवारी मी एकटी घेऊन जाणार. त्यांच्या हातात नाही देणार, आईच्या हातात देणार, आणि तिचा अंगठा धरून ठेवणार त्यावर. मग पुढचं माझं मी बघेन. तुझं काय करायचं तेही."

त्याने राळ पुसली, गरम केली, पट्टी बसवली. कोरणी हातात घेतली. मागे कुणी उभं असलं की त्याचा हात चालत नसे, हे तिला माहीत होतं, आणि ती त्याच्या अगदी मागे येऊन उभी राहिली. मग काहीतरी आठवून ती परत फिरली, दुकानाचं दार ओढून घेतलं, कडी लावली, आणि लावली का म्हणून त्याला विचारलं नाही.